चोराचे नाव अब्दुल का?

गेल्या वर्षीच्या वार्षिकात माझी 'झोपेचे चोर' ही कथा छापून आली. कथा आली की दोनचार मित्रांचे फोन येतात, 'वाचली, छान आहे' एवढे बोलून ते घरची खुशाली विचारतात आणि विषय संपतो. एवढ्यावर समाधान मानायची आम्हा मुस्लिम मराठी लेखकांना सवय झालेली आहे. या वेळी मात्र सतरा वाचकांनी कळवले. काहींची पत्रे आली, काहींचे फोन आले, दोघे तर लोणावळ्याला घर शोधत आले. सतरांपैकी अकरा जणांचा प्रश्न एकच होता. चोराचे नाव अब्दुल का?

ज्यांनी कथा वाचली नाही त्यांच्यासाठी ती थोडक्यात सांगतो. बोरघाटातून रेल्वे सुरू झाली 1863 साली. चढ इतका अवघड की खंडाळ्याच्या अलीकडे गाडी एका ठिकाणी थांबायची, इंजिन एका टोकाचे काढून दुसऱ्या टोकाला लावायचे आणि गाडी उलट्या तोंडाने वर चढायची. 1929 साली नवा मार्ग झाला आणि हे उलटे स्टेशन बंद पडले. माझ्या कथेतले चार चोर त्या आधीच्या काळातले. इंजिन बदलायला जी मिनिटे लागत तेवढ्यात ते रात्रीच्या गाडीत शिरतात. पैसा, दागिना, ट्रंक कशालाही हात लावत नाहीत. प्रवाशांची झोप चोरतात. ती गाठोड्यात बांधून लोहगडावरच्या लक्ष्मी कोठीत साठवतात आणि पुण्याच्या बाजारात, ज्यांना रात्र रात्र झोप येत नाही अशा सावकारांना, वकिलांना आणि साहेब लोकांना विकतात. चौघांतला बाळंभट पत्रिका मांडून कोणाची झोप गाढ आहे ते सांगतो. दगडू गाठोडी वाहतो. सखू कातकरीण अंधारात वाट काढते. चौथा अब्दुल छप्परबंद, वयाने सगळ्यांत लहान. खोटी नाणी पाडावीत तशी त्याला खोटी झोप पाडता येते. त्या झोपेत माणूस झोपतो खरा, पण त्याला स्वप्न दुसऱ्याचे पडते. एका इंग्रज साहेबाला अब्दुल अशी झोप विकतो आणि साहेबाच्या स्वप्नात अब्दुलची आई येऊन बसते. यावरून अब्दुल पकडला जातो. मग एका पहाटे तुरुंगातले सगळे, पहारेकऱ्यांसकट, गाढ झोपलेले आढळतात. दार उघडे असते. कथा तेथे संपते.

चोर चार. त्यांत मुसलमान एक, आणि तो चौघांत सर्वांत कसबी. पण अकरा वाचकांना बाकीचे तिघे दिसलेच नाहीत.

तळेगाव दाभाड्याच्या एका निवृत्त गृहस्थांना बाळंभट दिसला. त्यांनी त्याच्यावर दोन पाने लिहिली. त्यांच्या आजोळी म्हणे असाच एक मामा होता, त्याने अर्ध्या गावाला खोटे मुहूर्त विकले होते, आणि माझा बाळंभट त्या मामापुढे अगदीच फिका आहे. बाळंभटामुळे आपल्या जातीची बदनामी झाली असे त्यांच्या मनालाही शिवले नाही. त्यांना हसता आले, कारण हसणे त्यांना परवडते. एका भामट्या बाळंभटामागे मराठी पुस्तकांत, नाटकांत, सिनेमात दुसरे हजार भटजी, मास्तर, न्यायाधीश, कवी, प्रेमात पडलेले आणि आजारी पडलेले ब्राह्मण उभे आहेत. अब्दुलच्या मागे कोण उभे आहे? अकरा वाचकांना हीच भीती वाटली, आणि ती भीती खोटी आहे असे मी म्हणत नाही. माझे भांडण त्या भीतीवर काढलेल्या तोडग्याशी आहे. पण आधी मला पुण्याच्या एका मित्रांचा हिशेब चुकता करायचा आहे.

हे मित्र पुरोगामी आहेत, व्याख्याने देतात, आमच्या संमेलनांनाही येतात. त्यांनी माझे अभिनंदन केले. 'आपल्याच समाजातील गुन्हेगारीकडे डोळसपणे पाहण्याचे धाडस तुम्ही दाखवले आहे,' असे त्यांचे वाक्य. अकरा पत्रांनी मी दुखावलो होतो. या अभिनंदनाने मात्र मला राग आला. मी झोप चोरणाऱ्या माणसांची गोष्ट लिहिली. झोप चोरण्याला भारतीय दंड संहितेत कलम नव्हते आणि 1 जुलै 2024 पासून तिच्या जागी आलेल्या न्याय संहितेतही ते नाही. मग यांना गुन्हेगारीचे चित्रण दिसले कोठे? बाळंभटात दिसले नाही, दगडूत दिसले नाही. नाव अब्दुल म्हटल्याबरोबर कल्पना गळून पडली आणि कथेचा पंचनामा झाला.

ही नजर कोठून आली ते पाहायला फार लांब जायला नको. पुणे जिल्ह्याचे गॅझेटियर 1885 साली निघाले. त्यात उचल्यांना, म्हणजे भामट्यांना, चांगली ऐसपैस जागा दिली आहे. ते कसे राहतात, जत्रेत आणि रेल्वेत हात कसा मारतात, हे एखाद्या पाखराच्या जातीचे वर्णन करावे तसे लिहिलेले आहे. त्याच्या आधी 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला होता आणि 1911 च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यापर्यंत पोचला. मूल जन्मले की गुन्हेगार. वाढले की हजेरीला जायचे. 1952 च्या ऑगस्टअखेर या जमाती कायद्यातून सुटल्या. सुटल्या म्हणून त्यांना विमुक्त म्हणायचे. महाराष्ट्राच्या विमुक्तांच्या यादीत भामटा आहे, रामोशी आहे, पारधी आहे, आणि छप्परबंदही आहे. हे छप्परबंद मुसलमान. इंग्रजांच्या कागदोपत्री त्यांची ओळख एवढीच, की फकिराच्या वेशात हिंडून खोटी नाणी चालवणारे लोक. अब्दुलचे आडनाव मी तेथून उचलले आहे.

सबंधच्या सबंध जमात आईच्या पोटातूनच चोर होऊन येते, याच्याइतकी अचाट कल्पितकथा मी दुसरी वाचलेली नाही. ती सरकारने छापली, तिचा कायदा केला, आणि ऐंशी वर्षे शिकलेली माणसे तिला माहिती समजून चालली. मेडोज टेलरची 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' 1839 साली निघाली. तिच्यातला ठग अमीर अली. ती कादंबरी होती, पण इंग्लंडातल्या वाचकांनी ती हिंदुस्थानची ओळख म्हणून वाचली. माझे पुण्याचे मित्र त्याच वाचकांच्या वंशातले आहेत. हे त्यांना आवडणार नाही, पण अब्दुलमध्ये त्यांना समाजच दिसतो त्याला माझा इलाज नाही.

चळवळीतल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचा आक्षेप निराळा आहे आणि तो मला अधिक लागला. त्यांना अब्दुलच्या नावाचे काही वाटले नाही. त्यांना झोपेचे वाटले. दंगली झाल्या, पोरे बेकार आहेत, सच्चर समितीने 2006 साली आकड्यांनिशी आपली स्थिती मांडली, त्यानंतर काय पालटले? आणि तुम्ही गाठोड्यात झोप बांधणाऱ्या चोरांच्या गोष्टी सांगता! ही पळवाट आहे, असे ते म्हणाले. फोनवर म्हणाले, पण आवाज चढला होता.

1990 साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हाचे आमचे म्हणणे असे होते की मराठीतला मुसलमान दुसऱ्यांनी रंगवलेला आहे. ऐतिहासिक कादंबरीत तो क्रूर सरदार असतो, सामाजिक कादंबरीत दाराशी येणारा अत्तरवाला किंवा खाटीक असतो. आता आम्ही आमचे लिहू. हे म्हणणे रास्त होते आणि त्यातून जे लिहिले गेले त्याचा मला अभिमान आहे. पण 'आमचे लिहू' याचा अर्थ हळूहळू 'आमचे दुःख लिहू' एवढाच होऊन बसला. दिवाळीच्या आधी संपादकांचे फोन येतात. तलाकवर काही आहे का? मोहल्ल्यावर आहे का? पाऊस, प्रेम, भूतखेत, क्रिकेट, म्हातारपण यांवरचे लेखन ते दुसऱ्यांकडे मागतात. आम्ही साक्षीदार. साक्षीदाराने शपथेवर खरे तेच सांगायचे असते. त्याने मध्येच उडती गाठोडी आणली की न्यायाधीश चिडतात.

मराठीत हा वाद आजचा नाही. बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' 1857 चे, विधवांच्या हालांचे. चारच वर्षांनी लक्ष्मणशास्त्री हळब्यांची 'मुक्तामाला' आली आणि अद्भुताची लाट सुरू झाली. ना. स. रिसबुडांनी 1868 साली 'मंजुघोषा' काढली तेव्हा प्रस्तावनेत सरळ सांगून टाकले की आपल्या लोकांच्या लग्नाच्या आणि वागण्याच्या रीती अशा आहेत की रोजच्या संसारात गोष्ट रचावी असे काही घडतच नाही, म्हणून चमत्काराकडे वळावे लागते. या प्रस्तावनेला पुढच्या टीकाकारांनी भरपूर हसून घेतले. (मला ती आवडते. एवढे प्रामाणिक प्रस्तावनाकार आता कोठे मिळतात?) पण हसणाऱ्यांनी रिसबुडांची कादंबरी तपासली, त्यांच्या जमातीची हलाखी पुढे करून त्यांना अद्भुताची बंदी केली नाही. मलाही तेवढेच हवे आहे. माझी कथा फसली असेल तर फसली म्हणा. समाज दुःखात असताना कल्पना करायची नाही, हा नियम दुसऱ्या कोणत्या लेखकाला लावला जातो?

हमीद दलवाईंचे काय झाले पाहा. 'लाट' हा कथासंग्रह 1961 चा, 'इंधन' 1965 ची. 1970 साली त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढले, आणि तेव्हापासून दलवाई म्हटले की मंडळच पुढे येते. त्यांच्याशी मतभेद असणाऱ्यांनी आणि त्यांना डोक्यावर घेणाऱ्यांनी, दोघांनीही, कथाकार दलवाईंना सारखेच बाजूला टाकले. भूमिका वाचली, गोष्ट वाचली नाही.

आणखी एका वाचकांनी मोठ्या अदबीने लिहिले आहे की चोर-लबाडांच्या गोष्टी आपल्या परंपरेत बसत नाहीत. अदबीने लिहिले म्हणून उत्तरही सविस्तर देतो.

बसऱ्याचा अल-हरीरी 1122 साली वारला. त्याच्या 'मकामात'चा नायक अबू झैद सरूजी हा पक्का लबाड. वेश पालटतो, भीक मागतो, पहिल्याच प्रकरणात वाझ देऊन लोकांना रडवतो, त्यांच्याकडून दान घेतो आणि मग आडोशाला दारूचा घडा घेऊन बसलेला सापडतो. हे पुस्तक आपल्या देशातल्या मदरशांत अरबी भाषेचा नमुना म्हणून पिढ्यान्‌पिढ्या शिकवले जाते. हरीरीलाही वाचकांची धास्ती होतीच. प्रस्तावनेत तो म्हणतो की जनावरे बोलतात अशा गोष्टी कोणी शहाण्या माणसाने धिक्कारल्याचे ऐकले आहे काय? मग माझ्याच गोष्टींवर राग का? यावर बगदादच्या इब्न अल-खश्शाब या पंडिताने, त्याचा मृत्यू 1172 चा, हरीरीला पकडले. कोल्हा बोलतो हे खोटे आहे हे पोरालाही कळते, पण अबू झैदसारखा माणूस खरोखर असू शकतो, म्हणून हे लिहिणे म्हणजे खोटे बोलणे, असा त्याचा मुद्दा. मी हा वाद वाचला तेव्हा थक्क झालो. नऊशे वर्षांपूर्वीच्या टीकाकाराची तक्रार अशी की पात्र फार खरे वाटते. माझ्या बाबतीत तर पात्र झोप पाडते, विकते, तुरुंगाला अंगाई देते, तरी ते खरे धरले गेले. इब्न अल-खश्शाब निदान कोल्हा आणि माणूस यांत फरक करत होता.

आणि अमर अय्यार? माझी दादी कधी शाळेत गेली नाही. पावसाळ्यात लोणावळ्याला आठ आठ दिवस सूर्य दिसत नाही, तेव्हा चुलीजवळ बसून ती दखनीत अमर अय्यारच्या गोष्टी सांगायची. अमीर हमजाच्या दास्तानीतला हा अमर चोर आहे, बहुरूपी आहे, कवडीचुंबक आहे, आणि त्याच्याजवळ जंबील नावाची झोळी आहे, तिच्यात डेरे, हत्ती, खजिने सगळे मावते. लष्कर हमजाचे, पण ऐकणाऱ्यांचा जीव अमरवर. अकबर बादशहाने या दास्तानीची सुमारे 1400 चित्रे काढवून घेतली. लखनौच्या नवलकिशोर छापखान्यातून 1883 पासून 'तिलिस्मे होशरुबा'चे जाडजूड खंड निघाले, ते या दास्तानीचेच. माझ्या चोरांची गाठोडी कोठून आली असे एकाने विचारले होते. त्या जंबिलीतून आली. ही परंपरा नव्हे तर काय आहे? आम्ही ती उर्दूकडे सोडून मराठीत आलो आणि येताना झोळी फाटकाशी ठेवून आलो.

अलीबाबाचे तर विचारूच नका. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी 1860 च्या दशकात इंग्रजीवरून अरबी गोष्टी मराठीत आणायला सुरुवात केली, पुढे गौरी देशपांड्यांनी बर्टनचे भाषांतर 16 खंडांत मराठीत केले. मराठी माणसाला चोर म्हटले की चाळीसच आठवतात. निवडणुकीच्या सभेत कोणी ना कोणी विरोधी पक्षाला अलीबाबा म्हणतोच. पण ही गोष्ट त्या 'हजार रात्रीं'च्या जुन्या अरबी हस्तलिखितांत नाही. हलब शहराचा हन्ना दियाब नावाचा एक मॅरोनाइट ख्रिस्ती तरुण 1709 साली पॅरिसला होता. त्याने ती आंत्वान गालाँ या फ्रेंच भाषांतरकाराला सांगितली, गालाँने टिपून घेतली, आणि गालाँच्या मृत्यूनंतर 1717 मध्ये ती फ्रेंचमधून छापून आली. सांगणारा ख्रिस्ती, लिहिणारा फ्रेंच, आणि त्या चाळीस चोरांची लाज वाटायची ती लोणावळ्याच्या अब्दुलने! शिवाय अलीबाबा स्वतः काय करतो? चोरांच्या गुहेतला माल गाढवांवर लादून घरी आणतो. ज्यांचा लुटला त्यांना परत करावा असे त्याच्या मनात येत नाही. वाचक त्याच्यावर खूश आहेत. अक्कल सगळी मर्जिना या दासीची, हेही वाचकांना चालते.

बसरा आणि हलब कशाला, इंदुरी आपल्या मावळातलेच. तेथले दादू इंदुरीकर तमाशात सोंगाड्या म्हणून उभे राहिले आणि हरिभाऊ वडगावकरांचा 'गाढवाचं लग्न' हा वग त्यांनी इतका रंगवला की संगीत नाटक अकादमीने त्यांचा सन्मान केला. त्या वगात काय आहे? इंद्राच्या शापाने गाढव झालेला गंधर्व माणसासारखा बोलतो, राजकन्येशी लग्न करीन म्हणतो, आणि सावळ्या कुंभार थापा मारत, गोंधळ घालत त्याला पार राजवाड्यापर्यंत नेतो. देवांच्या राजाचीही त्यात धडगत नाही. मावळातला शेतकरी, हमाल, रेल्वेचा गँगमन रात्रभर बसून हे पाहत असे. सावळ्यामुळे कुंभारांची अब्रू गेली अशी तक्रार माझ्या तरी कानावर आलेली नाही. आणि तमाशा ही काही आम्हाला परकी गोष्ट नव्हे. पेशवाईतले शाहीर सगनभाऊ शिकलगार मुसलमान होते. सोंगाड्याच्या शेजारी आम्ही पहिल्यापासून उभे आहोत.

एवढे सगळे मी एका बैठकीत लिहिले असते आणि विजयी मुद्रेने सही केली असती. पण घरी आलेल्या दोघांपैकी एक चाचा होते. बाजारात त्यांची बेकरी होती, आता मुलगा पाहतो. वय ऐंशीच्या घरात. कथा त्यांना कोणी वाचून दाखवली नव्हती, त्यांनी चष्मा लावून स्वतः वाचली होती. तरुणपणी त्यांनी बाबूराव अर्नाळकर वाचून काढलेले. अर्नाळकरांची पुस्तके हजारावर, त्यांतली जमतील तेवढी. 'काळा पहाड कायद्याच्या बाहेरचा होता मास्तर, पण मजा यायची,' असे ते स्वतःच म्हणाले. मी खूश झालो. म्हटले, मग माझ्या अब्दुलने काय घोडे मारले?

चाचा थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, 'तुमारा अब्दुल किताब में रहता मास्तर. मेरा पोता बाजार में रहता. पूछने कू आते तो मेरे घर कू आते. काले पहाड के घर कू कौन गया?'

त्यांचा नातू पर्यटकांच्या गाड्या चालवतो. मागे एका बंगल्यात चोरी झाली तेव्हा चौकशीला नेलेल्यांत तो पहिला होता. चोरीच्या रात्री तो पुण्याला सवारी घेऊन गेलेला, टोलची पावती त्याच्या खिशात. दोन दिवसांनी सोडले. कोणी काही बोलले नाही, माफी तर दूरच. त्यानंतर दोन बंगलेवाल्यांनी त्याला बोलावणे बंद केले.

याला हरीरी पुरत नाही, अमर अय्यार पुरत नाही. त्या रात्री मी कथा पुन्हा काढली आणि जेथे जेथे अब्दुल होता तेथे बबन केले. चाचांनी तेच सुचवले होते. पहिली आठ पाने बबन चांगला चालला. गाडीत चढला, उतरला, लोहगडावर गेला. मग साहेबाच्या स्वप्नाचा भाग आला. तेथे आई बसली आहे, ती मुलाला हाक मारते, जेवलास का विचारते, आणि ती हे सगळे दखनीत बोलते. साहेबाला एक शब्द कळत नाही, तरी तो रडतो. बबनची आई दखनीत कशी बोलेल? मी तिचे बोलणे साध्या मराठीत केले. वाचून पाहिले. बाई कोणाचीही आई झाली होती. साहेबाने रडण्याचे कारण उरले नव्हते.

नाव गेले की भाषा गेली, भाषा गेली की आई गेली. मी सगळे पूर्ववत केले.

चाचांना मी हे जाऊन सांगितले. वर्तमानपत्रातल्या अब्दुलला नाव, वय आणि कलम एवढेच असते, माझ्या अब्दुलला आई आहे, कसब आहे, तो मित्रांना फसवत नाही; नाव काढून घेतले तर कागदावर फक्त वर्तमानपत्रातला उरेल, असे माझे म्हणणे. चाचांनी ऐकून घेतले. पटले नाही. 'तुम कू लिखना आता, तुम बोलते,' म्हणाले आणि पोराला सांगून खारी बांधून दिली. ते खोटे बोलले नाहीत आणि मीही नाही. आमचा वाद तेथेच आहे, आणि तो आमच्या दोघांत चालावा असे मला वाटते. पुण्याच्या मित्रांनी त्यात पंच होऊ नये.

एक गोष्ट मात्र मला कोणी विचारली नाही आणि मीच कबूल करतो. सखू कातकरणीबद्दल एकही पत्र आले नाही. येणार कोठून? आपले वार्षिक कातकऱ्यांच्या वाडीवर जात नाही. अंधारात वाट काढणारी म्हणून मी तिला घेतले, ती तेवढेच करते. तिला आई नाही, बोली नाही, कथेत एक वाक्य ती स्वतःचे बोलत नाही. अब्दुलबद्दल मी जी कैफियत मांडतो आहे तीच सखूने माझ्याविरुद्ध मांडली तर मला उत्तर नाही. कथा संग्रहात घेताना हे दुरुस्त करावे लागेल.

सतरावे पत्र कामशेतच्या एका मुलीचे, नववीत शिकणारी. पोस्टकार्डावर बारीक अक्षरात, पत्त्याच्या बाजूपर्यंत गेलेले. तिने चोराचे नाव विचारले नाही. तिला तीन गोष्टी हव्या होत्या. एक, दार उघडल्यावर अब्दुल गेला कोठे. दोन, खोटी झोप ज्याने पाडली त्याला स्वतःला झोप येते का. तिसरी तक्रार होती. 'सर, तुम्ही एका झोपेचे पाच रुपये लिहिले आहेत. माझे पणजोबा रेल्वेत होते, आजोबा सांगतात तेव्हा पाच रुपये खूप होते. एवढ्याला कोणी झोप घेईल का?'

माझ्या घरच्या मंडळींनी, वार्षिकाच्या संपादकांनी आणि सोळा वाचकांनी ही चूक पाहिली नव्हती. भाव दोन आणे करतो आहे. साहेबासाठी चार.